घरातल्या हवेतली बुरशी मोजावी का?

ज्या भिंतीवर बुरशी डोळ्यांना दिसते आहे, त्या खोलीतली हवा तपासून घेण्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचाही सल्ला साधारण हाच आहे. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथे कपाटामागे ओल शोधायला यंत्र लागत नाही. शुक्रवार पेठेतल्या माझ्या मावशीला दमा आहे, म्हणून तिने या तपासणीविषयी विचारले, तेव्हा आम्ही आधी कपाट पुढे ओढले. मागे गिलाव्याचे पोपडे सुटले होते आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काळपट-हिरवा थर चढला होता. अशा वेळी भिंत कोरडी करणे, खराब गिलावा काढणे आणि पाणी कुठून येते ते शोधणे, हेच खरे काम असते.

तपासणीची प्रचलित पद्धत अशी, की पंप मिनिटाला १५ लिटर या वेगाने बहुधा ५ मिनिटे हवा ओढतो आणि त्या ७५ लिटर हवेतले बीजाणू चिकट काचपट्टीवर बसतात. अहवालातला आकडा मात्र घनमीटरमागे, म्हणजे हजार लिटरमागे देतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला एक बीजाणू कागदावर १३ होऊन उतरतो. नमुना घेण्याआधी कोणी केर काढला असेल किंवा पंखा लावला असेल, तरी आकडा बदलतो. उलट, स्टॅकिबोट्रिससारख्या काळ्या बुरशीचे बीजाणू ओलसर आणि चिकट असल्यामुळे हवेत सहजी उडत नाहीत, म्हणून अहवाल निर्दोष आला तरी भिंत निर्दोष ठरत नाही. शिवाय अमुक आकड्यापर्यंत धोका नाही, अशी आरोग्यावर आधारलेली सर्वमान्य मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही ती नाही.

तरीही तपासणी निरुपयोगी नाही. कुबट वास येतो आहे, पण फॉल्स सीलिंगवर किंवा फर्निचरच्या प्लायमागे कुठेच काही सापडत नाही, अशा घरात तिची मदत होते, तसेच मोठ्या दुरुस्तीनंतर काम नीट झाले का हे पाहतानाही होते. मात्र त्याच दिवशी, त्याच वेळी घराबाहेरचा नमुना घ्यायलाच लावावा, कारण आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या हवेतही बीजाणू असतातच आणि तुलनेला तो नमुना नसेल, तर खोलीतल्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.