मॅडम, आमच्या बाबांना असला रोबो मिळंल काय?

वारं गेलेल्या, म्हणजे स्ट्रोकनं अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाच्या घरी फिजिओथेरपीचा व्यायाम करून घ्यायला गेलं, की कुणीतरी मोबाईल पुढं करतंच. "परदेशात रोबो व्यायाम करून घेतोय बघा. आमच्या बाबांना मिळंल काय असला?" आमच्या बेळगावकडं वडगावपासून खानापूरपर्यंत इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

हात धरून हलवणारी यंत्रं वेगळी. हा सोशल रोबो पेशंटला बहुधा हातही लावत नाही. समोर उभा राहून करून दाखवतो, मोजतो, चुकलं तर सांगतो, जमलं तर शाबासकी देतो. अमेरिकेत रोबोंच्या संशोधक माया मातारिच यांनी २००५ च्या सुमारास याच कल्पनेवर स्ट्रोकच्या पेशंटांसाठी काम केलं. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात शेली लेवी-त्झेदेक यांच्या गटानं पेपर नावाचा, साधारण १२० सेंटिमीटर उंचीचा रोबो वापरला. तो रंगीत पेल्यांची मांडणी दाखवतो, पेशंटनं तशीच मांडायची.

पेले आम्हीही मांडायला लावतो, घरातले स्टीलचे. वडगावात एक काका आहेत, जन्मभर माग चालवलेले. पेला उचलताना त्यांचा उजवा खांदा कानाला लागतो, कमरेतून अख्खं अंग कलतं आणि पेला फळीवर पोचतो. हातानं काम केलंच नाही, सगळं अंगानं उरकलं! शेजारी काकू मोजत असतात. पहिला आठवडा हौसेनं, मग मध्येच कुकरची शिट्टी, दारात कोणीतरी. "वाकू नका की हो" असं तिसऱ्यांदा म्हटलं की काका पेला आदळतात. हात थरथरतो तो बायकोनं बघावा, हेच त्यांना सोसत नाही. हॉस्पिटलातून घरी आल्यावरचे महिने असे रुसव्याफुगव्यात जातात, आणि सुधारणा तर रोजच्या त्याच त्या सरावातून व्हायची असते. इथं रोबो मला हवाय. चाळिसाव्या पेल्यालाही त्याचा आवाज चढत नाही आणि त्याच्यासमोर लाजायचं कारण नाही.

पण घ्या म्हणून सांगणार नाही. काका जड जिभेनं बोलतात, निम्मं मराठी, निम्मं कन्नड. "साकु (पुरे) आता, खांदा दुखूलालाय" हे रोबोला कळायला पाहिजे, आणि कळलं नाही तर थांबायला तरी पाहिजे. ढिल्या पडलेल्या खांद्याला नेट लावून इजा करणं फार सोपं असतं. शिवाय नवलाई ओसरली, की काका त्याच्याकडंही पाठ फिरवतील. आणि त्या पेपर रोबोचं उत्पादन २०२० मध्येच थांबवलं गेलं. आमच्या उद्यमबागेच्या कारखान्यांत कसलंही मशीन दुरुस्त करून मिळतं, पण ह्याचं सॉफ्टवेअर कोण बघणार?

माझ्या पोटापाण्याची काळजी करणाऱ्यांनाही सांगते: कुठला व्यायाम कधी वाढवायचा, कधी बंद करायचा, हे खांद्यावर हात ठेवूनच ठरतं. दुपारची मोजणी रोबोनं खुशाल न्यावी.

तोवर एवढं करा. पेले मांडताना पेशंटला पाठ असलेल्या खुर्चीत बसवा. पाठ खुर्चीपासून सुटली की तो पेला बाद. मोजणी नवराबायकोत ठेवू नका, शाळेतून आलेल्या नातवाकडं द्या. वडगावात तसंच केलंय. नातू काकूंपेक्षा कडक आहे, आणि त्याच्यावर पेला आदळलेला अजून तरी ऐकला नाही.