साठचा बल्ब, आठशे ब्याऐंशी ओहम

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहा म्हटलं की लोकांना मैदान, सहल, स्नेहसंमेलन आठवतं. रात्रशाळेत यातलं काही नव्हतं. दिवसाची मुलं घरी गेली की त्यांच्याच बाकांवर आम्ही बसायचो. कुणी हॉटेलात कपबशा विसळून आलेला, कुणी छापखान्यातून आलेला, बोटांना शाई तशीच. मी मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, माल उचलून दिवसभर एका वायरमनच्या हाताखाली राबायचो. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला, वडिलांचा पगार थांबला आणि माझी दिवसाची शाळा सुटली. त्याबद्दल एवढंच पुरे.

प्रयोगशाळा दिवसाच्या शाळेची, त्यामुळे आमच्या वेळेला तिला कुलूप. विज्ञानाचे सर स्वतःचा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजायचं यंत्र, पिशवीत घालून आणत. ओहमचा नियम, म्हणजे तारेतला प्रवाह व्होल्टच्या प्रमाणात वाढतो हा, शिकवायच्या आधी त्यांनी ओहम नावाचा माणूस सांगितला. जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा, वडील कुलपं बनवणारे, पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकलेले आणि पोरांना शिकवणारे. हा पुढे कोलोनला शाळामास्तर झाला, तिथल्या प्रयोगशाळेत कमी-जास्त लांबीच्या तारा लावून मोजमापं घेत बसला आणि १८२७ साली पुस्तक काढलं. सुरुवातीला त्याच्याच देशातल्या लोकांनी फारशी दाद दिली नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं. "सर, त्याच्या बापाला बोलवा, आपल्या लॅबचं कुलूप उघडायला," मागच्या बाकावरून आवाज आला. सर आमच्यापेक्षा जास्त हसले.

सूत्रांचा तो त्रिकोण, ज्यात एका अक्षरावर अंगठा ठेवला की उत्तर मिळतं, सरांनी फळ्यावर कधीच काढला नाही. मला आजही तो आवडत नाही. अंगठा उचलला की डोकं रिकामं. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, म्हणजे तारेचा विजेला होणारा विरोध, ओहममध्ये; व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती, वॅटमध्ये, एवढं सांगून ते विचारायचे, "आज कामावर कशाला हात लावलास?" मी म्हणालो, इस्त्री. ७५० वॅटची. भागिले २३०, म्हणजे सव्वातीन अँपिअर. २३० ला त्याने भागलं की साधारण ७० ओहम. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीला आलेली इस्त्री मालकाला विचारून वर्गात नेली. प्लगच्या दोन पिनांना मीटर लावला, काटा सत्तरच्या जवळ जाऊन थांबला. फळ्यावरचा आकडा लोखंडात निघाला, याचा मला झालेला आनंद वेडेपणाचा होता.

मग कुणाला तरी सुचलं, बल्ब मोजू या. साठचा बल्ब, हिशेबाने ८८२ ओहम. मीटरने दाखवले पासष्टच्या आसपास! वर्गात गोंधळ. सरांनी शांतपणे तोच आकडा धरून गणित करायला लावलं. २३० भागिले ६५, साडेतीन अँपिअर. म्हणजे आठशे वॅटच्या वर. साठचा बल्ब आठशे वॅट खातो? "मोजताना बल्ब पेटलेला होता का?" त्यांनी विचारलं. तेव्हा ट्यूब पेटली. आम्ही नियम घोकताना "वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना" हे शब्द एका दमात म्हणून टाकायचो. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि तिचा रोध तेरा-चौदा पटींनी वाढतो. इस्त्रीतल्या नायक्रोम धातूच्या तारेचा रोध तापूनही फारसा बदलत नाही, म्हणून तिथे हिशेब जुळला. बल्ब बहुतेकदा बटण दाबल्या क्षणीच का जातो, तेही त्याच रात्री कळलं: थंड तारेतून पहिला झटका भलताच मोठा जातो. माझ्या उस्तादाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "नशीब असतं बल्बचं." कामात मात्र तो पक्का होता.

धंद्यात मला जन्मभर पुरलेलं गणित याच्या शेजारचंच आहे. तीन हजार वॅटचा इन्स्टंट गीझर तेरा अँपिअर ओढतो. त्याला सोळा अँपिअरचा पॉइंट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर लागते, हे गिऱ्हाइकाला पटतं. पण सॉकेटचा स्क्रू ढिला असेल तर? सांध्यात तयार होणारी उष्णता म्हणजे अँपिअरचा वर्ग गुणिले रोध; तिथे नुसता अर्धा ओहम आला तरी तेराचा वर्ग १६९, त्याच्या निम्मे, म्हणजे ८४ वॅट. साठच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता, प्लास्टिकच्या एवढ्याशा डबीत. प्लग काळा पडलेला दिसला की मी गीझरला दोष देत नाही, आधी पेचकस काढतो. माझ्या हाताखालच्या पोरांना हा हिशेब तोंडी करावा लागतो, मोबाइल खिशात ठेवून.

लोकलचंही सरांनी एकदा घेतलं होतं. तेव्हा वरच्या तारेत १,५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) असायचे, १९२५ पासूनचे. समजा गाडीला तीस लाख वॅट हवेत, तर दोन हजार अँपिअर. आता तारेत २५,००० व्होल्ट एसी (दिशा बदलत राहणारी वीज) आहेत. तेवढ्याच शक्तीला एकशेवीस पुरतात. एसीचे बारकावे सोडून देतो, स्मरणिकेची पानं मोजकी आहेत.

यंदा आम्ही काही माजी विद्यार्थी शाळेला मल्टिमीटर देतो आहोत. संपादकांना एकच विनंती, सोबत तारेचे जुने साठचे बल्बही हवेत. लोहार चाळीत सांगून ठेवलंय. एलईडीच्या आत सर्किट असतं, त्याच्या टोकांना मीटर लावून यातलं काही दिसणार नाही.