तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईलवर दिसतं, तर जमता काहून?

नागपुरात बर्डीवर ओळखीचं कोणी भेटो, नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी बसो, लॉरेल-हार्डीचे, म्हणजे जाड्या-रड्याचे, सिनेमे एकत्र बघणाऱ्या आमच्या मंडळाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला. "वहिनी, जाड्या-रड्याचं सारं मोबाईलवर दिसते ना, मंग तुम्ही दर महिन्याले जमता काहून?" आजवर "मजा येते हो" म्हणून मी वेळ मारून नेली. यंदा मे महिन्यात कूलरचं प्रकरण झालं आणि नीट सांगावंसं वाटलं.

आधी कबूल करते, मीही एकदा मोबाईलवर बघून पाहिलं. रात्री, एकटीने, कानात इअरफोन घालून. काहीतरी फुटतं, रड्या डोकं खाजवतो, जाड्या थेट आपल्याकडे बघून सुस्कारा टाकतो. बघतच राहतो. मला वाटलं, केवढं संथ आहे हे! पुढे ढकलत ढकलत वीस मिनिटांचा सिनेमा सात मिनिटांत संपवला आणि ओठसुद्धा हलले नाहीत.

तो संथपणा मुद्दाम ठेवलेला आहे, हे मला पुढे कळलं. त्यांचा निर्माता हॅल रोच, त्याच्या स्टुडिओत सिनेमा तयार झाला की आधी एखाद्या थिएटरात लोकांना दाखवायचे. प्रेक्षक कुठे हसतात, किती वेळ हसतात, हे बघून पुन्हा कापाकापी करायचे. हशा लांबला की जाड्याचं ते बघणं लांबवायचं, म्हणजे पुढची गंमत आरडाओरड्यात बुडत नाही. म्हणजे त्या सिनेमात आपल्या हसण्यासाठी जागा राखून ठेवलीय. एकट्याने बघितलं की ती जागा रिकामी राहते, आणि आपण म्हणतो सिनेमा जुना झाला.

मंडळ म्हणजे फार काही नाही. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. धंतोलीतल्या एका इमारतीत बारा-पंधरा जण, एकाचा प्रोजेक्टर आणि माझी पांढरी डबलबेडची चादर. कल्पना मात्र उसनी. लॉरेल-हार्डीच्या चाहत्यांची एक संघटना १९६५ साली न्यू यॉर्कमध्ये सुरू झाली, 'सन्स ऑफ द डेझर्ट' नावाची. हे नाव त्यांच्याच १९३३ च्या सिनेमाचं, ज्यात दोघे बायकांना थापा मारून मंडळाच्या अधिवेशनाला पळतात. (आमच्याकडे बायकाच आधी येऊन बसतात, तेव्हा ती सोय नाही.) शाखांना ते तंबू म्हणतात आणि प्रत्येक तंबूला या जोडीच्या एखाद्या सिनेमाचं नाव देतात. त्यांची घटना तर वाचण्यासारखी आहे. कलम ५ म्हणतं, पदाधिकाऱ्यांना कसलाही अधिकार असणार नाही. कलम ६ म्हणतं, अधिकार नसले तरी अध्यक्षाने सभा रीतसर चालवावी आणि सभासदांनी शिस्त पाळावी. कलम ७ एका ओळीचं: कलम ६ हास्यास्पद आहे. आमच्यातले एक काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत. ते हे ऐकून इतके हसले की पाणी द्यावं लागलं. अख्खी नोकरी कलमांत गेली होती बिचाऱ्यांची.

बाकी बातम्या थोडक्यात. १८ जानेवारीला हार्डीचा वाढदिवस तर्री-पोह्यांवर झाला. मार्चमध्ये चिमणराव आणि गुंड्याभाऊ लावले, १९४० च्या मराठी सिनेमातले, दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. "हे आपले जाड्या-रड्या" असं कोणीतरी म्हणालं आणि वाद पेटला. मला विचाराल तर चिमणराव रडत नाही, कुढतो. तो फरक पुणेरी आहे, सोडून द्या.

आता मे. पारा पंचेचाळीसच्या वर. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीवर बसायचं ठरलं, लिफ्ट बंद. चौघा पुरुषांनी लोखंडी डेझर्ट कूलर जिन्यावरून वर न्यायला घेतला. वाळवंटाचे पुत्र आणि त्यांचा डेझर्ट कूलर, हा विनोद मी केला तेव्हा कोणी हसलं नाही. प्रत्येक वळणावर कूलर भिंतीला अडायचा, उरलेलं पाणी एकाच्या पाठीवर सांडायचं, काका खालून "थोडं डावीकडे!" ओरडायचे आणि वरचे उजवीकडे न्यायचे. अर्ध्या तासाने गच्चीवर पोचले. तिथे प्लगच नव्हता.

कूलर खाली आला, त्याच जिन्याने. शेवटी पार्किंगमध्ये दोन स्कूटर हलवून चादर बांधली. आधीपासून ठरलेला सिनेमा होता 'द म्युझिक बॉक्स'. दोघे एक पियानो शंभरावर पायऱ्यांवरून वर नेतात, एवढीच गोष्ट, आणि विनोदी लघुपटाचं ऑस्कर १९३२ मध्ये तिलाच मिळालं. पियानो वर पोचतो. तेवढ्यात पोस्टमन येऊन सांगतो, अहो, मागून गाडीरस्ता आहे, एवढ्या पायऱ्या चढायची गरज नव्हती. आणि हे दोघे पियानो पुन्हा खाली नेतात, रस्त्याने वर आणायला.

पार्किंगमध्ये क्षणभर कोणी हललं नाही. चौघांनी आधी एकमेकांकडे, मग कूलरकडे पाहिलं. त्यातल्या एकाने, ओल्या शर्टातल्या, जाड्यासारखा आमच्याकडे बघून सुस्कारा टाकला. मग जे हसणं सुटलं त्यात पुढची दोन मिनिटं पडद्यावर काय झालं कोणाला कळलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीतून विचारत होत्या, काय झालं म्हणून. हॅल रोचच्या माणसांनी एवढा हशा काही धरला नव्हता. मागे नेऊन पुन्हा लावावं लागलं.