दोन वह्या, एक आजी

"अगंबाई, त्या आजींकडे तुम्हीही जाता?"

एका कॅथलिक संन्यासिनीने, म्हणजे सिस्टरने, दुसरीला विचारलं. संघ वेगळे, झगे वेगळे, रुग्णभेटीची यादी मात्र जवळपास तीच! एकीच्या वहीत आजींच्या गोळ्यांच्या वेळा, दुसरीच्या वहीत त्यांच्या मुलाचा फोन नंबर. एकमेकींना पत्ता नाही.

दिवसभर हे डोक्यातून जाईना.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या महासभेने, १९६५ सालीच संन्यस्त संघांच्या प्रमुखांच्या एकत्रित परिषदांना पाठिंबा दिला. १९८३ च्या चर्च कायद्यातलं ७०८ वं कलमही तेच म्हणतं: आपापली स्वायत्तता आणि वेगळेपण राखा, पण हातात हात घाला.

प्रमुख भेटतात, ठराव होतात, अहवाल जाडजूड निघतात. चांगलंच आहे.

पण घरोघरी फिरणाऱ्या सिस्टरांनी एकमेकींना साधा फोन करायला परवानगी नेमकी कुणाची लागते?