किती देते?

परवा दुपारी हातखंब्याच्या अलीकडे पंपावर गाडी लावली होती, ऊन असं की बॉनेटवर घावन निघालं असतं, पोरगा पाइप लावून "झिरो बघा" म्हणतोय तेवढ्यात बाजूच्या झाडाखालून एक आजोबा उठून आले. हातात पिशवी, पिशवीत रातांबे असावेत, वास येत होता. त्यांना पेट्रोल घ्यायचं नव्हतं, गाडीही नव्हती, बहुतेक एसटीची वाट बघत होते. त्यांनी गाडी पुढून बघितली, मागून बघितली, टायरला चपलेने हलकंच टोचलं आणि विचारलं, "किती देते?"

मी म्हटलं, "अठरा."

देत नाही. चौदा देते. मे महिन्यात एसी लावून तेरासुद्धा. आता बघा, त्या माणसाला गाडी घ्यायची नाही, मला त्याला विकायची नाही, आम्ही दोघं पुन्हा कधी भेटायची शक्यता नाही, मग चार किलोमीटरचं खोटं मी कुणासाठी बोललो? पण गेलं तोंडातून. आजोबा "बरी देते" म्हणाले आणि सावलीत परत जाऊन बसले. मी पैसे देऊन निघालो, आणि पावसला घरी पोचेपर्यंत ते चार किलोमीटर काही डोक्यातून जाईनात.

खरं म्हणजे गाडी देत काहीच नाही. खातेच. पेट्रोल खाते, टायर खाते, वर्षाला इन्शुरन्स खाते, पावसाळ्यात उभी राहिली तर उंदरांना वायरी खायला घालते. तरी आपण विचारतो किती देते. म्हैस किती देते, कलम किती देतं, गाडी किती देते, तिघांना एकच क्रियापद. मारुतीवाल्यांनी मध्ये हिंदीत याच प्रश्नावर जाहिराती केल्या तेव्हा लोकांना केवढं कौतुक, आमच्याकडे हा प्रश्न गोठ्यातून सरळ पार्किंगमध्ये आला होता, जाहिरात बघून कोणी शिकलं नाही.

पण गोठ्यात आणि बागेत उत्तर उलटं असतं. आमच्या काकांना एप्रिलात विचारा, कलमं किती देतायत यंदा. "कसलं काय. थ्रिप्सने मोहोर खाल्ला, राहिलं ते उन्हाने भाजलं." हे बोलताना काका पडवीत बसलेले, मागे पेंढा पसरलेला, त्यावर आढी लावलेली आणि भिंतीला पेट्या रचलेल्या, त्या आपल्याला दिसतायत हे काकांनाही दिसतंय. हापूस एक वर्ष धरतो एक वर्ष विश्रांती घेतो, ही त्यांची दुसरी ढाल. झाडाला कल्टार घातलंय, दरवर्षी मोहोर आणणारं औषध, म्हणजे विश्रांतीचा प्रश्नच नाही, तरी आमच्या हिशेबात यंदा कायम विश्रांतीचं वर्ष असतं. खरा आकडा सांगितला तर व्यापारी भाव पाडणार, मुंबईचा मेहुणा दोन पेट्या मागणार, आणि नजर लागणार ती वेगळीच. आजीचं तेच. म्हैस दोन्ही वेळेला चरवी भरून द्यायची, आणि कोणी विचारलं तर "देते आपली चहापुरती."

आणि याच घरातला माणूस गाडी घेतो आणि त्याची गाडी बावीसच्या खाली बोलायला तयार नसते. शोरूममधून बाहेर काढून पंधरा दिवस झालेत, पहिली सर्व्हिसिंग व्हायची आहे, एकदासुद्धा टाकी फुल करून बघितलेली नाही, पण "बावीस काढतेय. हायवेला चोवीस." कुठला हायवे? २०११ पासून जो होतोच आहे तो मुंबई-गोवा? त्यातल्या कुठल्या तुकड्यावर ही चोवीस काढतेय ते मला एकदा दाखवा, मी डबा घेऊन तिथे राहायला जाईन. आकडा फुगवत नाही असा एकच माणूस, शेअर जीप चालवणारा वडापवाला. तो उलट कमी सांगतो. "काय परवडत नाय हो, दहा पण देत नाय", कारण पुढचा विषय भाड्याचा निघणार हे त्याला माहीत असतं. म्हणजे तोही आंबेवालाच.

आमच्या बाबांचं मात्र तसं नाही. बाबा शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायचे आणि त्यांच्याकडे डायरी आहे.

१९९६ साली बाबांनी मुंबईच्या चुलतभावाकडून मारुती ८०० घेतली, १९८८ चं मॉडेल, पांढरी, एसी नाही, टेप आहे पण तो कॅसेट चावतो. त्या काळी आमच्या वाडीत सगळ्या गाड्या मुंबईहून अशाच यायच्या, चाकरमान्यांचे जुने शर्ट यायचे तशा. गाडी आल्याच्या दिवशी आईने नारळ फोडला, आणि बाबांनी डायरी उघडली. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, ॲव्हरेज. पाच रकाने, पट्टीने आखलेले, निळ्या शाईने. शाईच का, तर हिशेब पेन्सिलने लिहायचा नसतो, पेन्सिलचा आकडा खोडता येतो, तो कच्चा. हे ते वर्गातही सांगायचे आणि घरातही.

टाकी फुल करणं हा आमच्या घरातला एक विधी होता. पंपावर पोचलं की मी, ताई, आई सगळ्यांनी खाली उतरायचं. पंपवाला गळ्यापर्यंत भरायचा आणि पाइप काढायला जायचा, की बाबा म्हणायचे, "थांब. हलवा रे." मग आम्ही दोन बाजूंनी गाडीला धरून हलवायचं. टाकीत हवा अडकते, हलवली की बुडबुडा वर येतो आणि अजून पाव लिटर बसतं, आणि ते पाव लिटर जर आज बसलं नाही तर पुढच्या वेळचं ॲव्हरेज खोटं येतं. मागे दोन रिक्षा आणि एक टेंपो लाइनीत, टेंपोवाला हॉर्न देतोय, आणि आमचं कुटुंब पालखी नाचवल्यासारखं गाडी नाचवतंय. ताई तेव्हा दहावीला होती. तिच्या वर्गातला एक मुलगा नेमका सायकलवरून जाताना बघून गेला, त्यानंतर तिने पंपावर उतरणं सोडलं, आणि बाबांनी डायरीत त्या दिवशी खाली बारीक अक्षरात नोंद केली, "एक व्यक्ती आत. भरणा अंदाजे."

राउंड फिगर नावाच्या गोष्टीवर त्यांचा फार राग. पंपावरचा पोरगा "पाचशे करू का सर" म्हणाला की यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

सतरा अठरा द्यायची ती गाडी. आणि मग एकदा पावसाळ्यात एकदम तेरा दिली. पुढच्या टाकीला बारा. बाबांनी गॅरेजला नेली, गॅरेजवाल्याने कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग काढले तर काळे कुळकुळीत. प्लग बदलले. पुन्हा बारा. टाकी गळते का म्हणून रात्री खाली पुठ्ठा घालून ठेवला. शेजारच्यांवर संशय घेऊन झाला, म्हणजे तोंडाने नाही, पण टाकीच्या झाकणाला चावी आहे ना हे बाबा रोज संध्याकाळी दोनदा बघायला लागले. तीन महिने हे चाललं.

तर ते मी केलं होतं. शाळेत जाताना मी पुढे बसायचो, आणि चोकची नॉब मला फार आवडायची, मुठीत बरोबर मावायची. ती धरून मी मनातल्या मनात गाडी चालवायचो, आणि चालवता चालवता ती अर्धा-पाऊण इंच बाहेर येऊन राहायची. चोक ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग काळे होणारच. हे मला कळलं बारावीनंतर. आमचं हे शाळेत जाणं दिवाळीत संपलं कारण मला सायकल मिळाली, आणि गाडी आपोआप सतरावर आली. बाबांना कारण सापडलं नाही. डायरीत त्या पानावर लाल शाईत एक प्रश्नचिन्ह आहे, चांगलं मोठं, आणि खाली "हवामान?" असं लिहिलेलं आहे. मी बघितलंय ते. सांगितलेलं नाही अजून.

घाट उतरताना मात्र बाबांचा विज्ञानावरचा विश्वास उडायचा. आंबा घाट उतरायला लागला की गाडी न्यूट्रल. कधी कधी तर इंजिनच बंद, नुसतं गडगडत खाली. आई डोळे मिटून रामरक्षा. साखरपा येईपर्यंत ब्रेकचा असा वास की उतरल्यावर सगळ्यांच्या कपड्यांना यायचा. पण तेवढे किलोमीटर फुकट! हे फुकट प्रकरण त्यांच्या फार आवडीचं होतं आणि त्याच्या नेमकं उलट झालं तेव्हा त्यांना फार लागलं. आम्ही जयगडहून तवसाळला जंगलजेटीने, म्हणजे गाड्या चढवतात त्या बोटीने, पहिल्यांदा गाडी नेली, शास्त्रीची खाडी, मस्त वारा, पोरं फोटो काढतायत, आणि बाबा गाडीत बसून मीटरकडे बघतायत. "आपण एवढे आलो आणि हे किलोमीटर मीटरवर पडलेच नाहीत." मी म्हटलं पेट्रोलही नाही ना जळलं बाबा. "पण तिकीट काढलं की." ते तिकीट कुठल्या रकान्यात टाकायचं याचा विचार पलीकडे गाडी उतरेपर्यंत चालला होता. शेवटी "इतर".

ती गाडी २००९ ला गेली. इंजिनाने नाही गेली, इंजिन चाललं असतं अजून. खाऱ्या हवेने खाल्ली. आधी दरवाज्यांच्या कडा, मग डिकीचा तळ, मग ड्रायव्हरच्या पायाखाली एवढं भोक की रस्ता दिसायचा, त्यावर बाबांनी बिस्किटाच्या डब्याचं झाकण बसवलं होतं आणि वर मॅट. डबक्यातून गेलं की पँट खालून भिजायची. भंगारवाल्याकडे जायच्या आदल्या आठवड्यातली शेवटची नोंद १७.२ आहे.

आता बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गाडी चालवायची भीती वाटते, ते चालवत नाहीत. पण डायरी चालू आहे. माझी गाडी. मी महिना दीड महिन्यातून कोल्हापूरहून जातो, अंगणात गाडी लावतो न लावतो तोच बाबा पायरीवर, चष्मा वर करून, "किती दिली?"

पहिल्यांदा मी खरं सांगितलं होतं. चौदा. त्यांचा चेहरा असा उतरला की जसा मीच नापास झालोय. मग त्यांनी समजूतही काढली माझी. म्हणाले कंपनीचा आकडा धरू नकोस, ते एआरएआयवाले पुण्यात गाडी रोलरवर चालवून काढतात, एसी बंद करून, त्या रोलरला काय आंबा घाट आहे का. मग म्हणाले आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा शक्ती कमी, म्हणजे विसाचा तिसरा भाग, सहा-सात टक्के तिथेच गेले, पंधरा देणारी चौदा देणारच. हवेत बोटाने गणित करून दाखवलं. पण चेहरा काही वर आला नाही.

तेव्हापासून मी एक करतो. आंबा गावात घाटाच्या तोंडाशी चहाला थांबतो, आणि निघताना डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज रीसेट करतो. मग घाट उतार, गियरमध्येच उतरतो हं, या इंजेक्शनच्या गाड्या गियरमध्ये ठेवून पाय काढला की पेट्रोल बंदच करतात, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळतंच (हे बाबांना सांगून झालंय, पटलेलं नाही). साखरप्यापर्यंत काटा असा काही मस्तीत असतो, मग पाली, हातखंबा, घरी पोचेपर्यंत एकवीसवर येऊन थांबतो. गाडी बंद करायच्या आधी बाबांना बोलावून दाखवतो. स्क्रीनवर २१.३. पुरावाच. बाबा वाकून बघतात, "वा," म्हणतात, आत जाऊन लिहितात.

परवाही लिहिलं. २०.८. पंपावरच्या आजोबांचं डोक्यात होतंच, तर दुपारी बाबा झोपल्यावर मी डायरी काढली, म्हटलं बघू तरी सुरुवातीपासून, ते प्रश्नचिन्हही बघू. आहे तसंच आहे, लाल. पुढे पानंच्या पानं निळी शाई, मारुतीची, मग नंतरच्या गाडीची, ताईच्या स्कूटरचीसुद्धा. माझ्या गाडीचं पहिलं चौदा, तेही निळ्या शाईत.

त्याच्या पुढचे सगळे आकडे पेन्सिलने लिहिलेत.

डायरी होती तिथे ठेवून दिली. संध्याकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, टायरमध्ये हवा बघितलीस का. म्हटलं, बघतो.