गिझरची कॉइल, क्लॅम्प मीटर आणि थोडा भागाकार

"कॉइल गेलीय, बदलून टाका." मेकॅनिकने गिझर न उघडताच निकाल दिला. मला काही ते पटेना. गिझर तापत होता, फक्त थंडीच्या दिवसांत संध्याकाळी फार वेळ घेत होता. एकच कॉइल असलेल्या गिझरमध्ये ती तुटली की पाणी तापणंच बंद होतं. अर्धी गेलेली कॉइल मी तरी पाहिलेली नाही. पुतण्या दहावीत आहे, त्याचं विज्ञानाचं पुस्तक टेबलावरच होतं. म्हटलं, नवी कॉइल आणण्याआधी जरा मोजून तरी बघू.

गिझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं छापलंय. एवढ्यावरून रोध निघतो: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे ५२,९०० भागिले २०००, साधारण २६.४ ओहम. मग प्लग काढला, गिझरचं बटण चालू ठेवलं आणि प्लगच्या दोन बारीक पिनांना मल्टीमीटर लावला. पाणी गार असतानाच हे करायचं, नाहीतर थर्मोस्टॅटने (पाणी तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचने) जोडणी तोडलेली असते आणि मीटर काहीच दाखवत नाही. मीटरवर २६.४ आले. कॉइल ठणठणीत होती.

गार कॉइल मोजून असं उत्तर मिळतं, कारण कॉइलच्या तारेचा, म्हणजे निक्रोम या मिश्रधातूचा, रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. जुन्या पिवळ्या बल्बवर हा प्रयोग केलात तर गोंधळून जाल. १०० वॅटच्या बल्बचा रोध गणिताने ५२९ ओहम येतो आणि गार बल्बला मीटर लावला तर चाळीसच्या आसपास दिसतो. बल्बमधली टंगस्टनची तार पांढरी तापली की रोध कितीतरी पट वाढतो. गणित चालू बल्बचं असतं, मीटर बंद बल्बचं सांगतो.

कॉइल निर्दोष म्हटल्यावर संशय व्होल्टेजवर. ओळखीच्या वायरमनला बोलावलं, कारण चालू लाइनवर एकट्याने हात घालायची माझी तयारी नव्हती. त्याने क्लॅम्प मीटर आणला, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावून धारा मोजायचा मीटर. मी तो आख्ख्या केबलभोवती लावायला निघालो तर म्हणाला, "दादा, एकच तार धरा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरलं तर शून्य येतं." जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना मारतात. त्याच्याकडे एका ठिकाणी तारा वेगळ्या केलेली एक्स्टेंशन होती, तिच्यातून गिझर जोडला.

संध्याकाळी सातला बाथरूमच्या सॉकेटवर १९० व्होल्ट आणि धारा ७.२ अँपिअर. १९० भागिले ७.२ म्हणजे पुन्हा तेच २६.४. गुणाकार केला तर १३६८ वॅट. व्होल्टेज १७ टक्क्यांनी पडलं होतं आणि शक्ती जवळजवळ ३२ टक्क्यांनी, कारण व्होल्ट कमी झाले की धाराही सोबत कमी होते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला पूर्ण २००० वॅटवर सुमारे १८ मिनिटं लागतात, १३६८ वॅटवर २७. आमची तक्रार नेमकी एवढीच होती.

शेजारचे काका म्हणाले, "डिम लाइटीने बिल वाढतं." गिझरच्या बाबतीत तसं नाही. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला साधारण ०.६ युनिट लागतं, मग ते १८ मिनिटांत जावो की २७. टाकीतून थोडी उष्णता जास्त निसटते, इतकंच. मोटरचं गणित मात्र वेगळं. तिथे नुसता व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार वॅट देत नाही, पॉवर फॅक्टरही, म्हणजे त्या गुणाकारातला खरोखर वापरला जाणारा हिस्साही, धरावा लागतो.

खरी गंमत मीटरबोर्डावर कळली. गिझर चालू असताना तिथे १९७ व्होल्ट होते. म्हणजे घरातल्या घरात ७ व्होल्ट गळत होते! ७ भागिले ७.२, जवळजवळ एक ओहम रोध वायरीचाच. ७ गुणिले ७.२, पन्नास वॅट भिंतीत. पडताळा म्हणून बाकी सगळं बंद करून वीजमीटरचा लाल दिवा मोजला. मीटरवर ३२०० इम्पल्स म्हणजे एक युनिट असं छापलेलं होतं. मिनिटाला ७५-७६ लुकलुक आल्या, म्हणजे १४१८ वॅट. मीटर भिंतीतल्या पन्नास वॅटचेही पैसे घेत होता.

वायरमनने बोर्ड उघडला. गिझरचं सॉकेट पूर्वी कुणीतरी लाइटच्या एक चौरस मिलिमीटरच्या वायरीवरून ओढलं होतं, तेही वळसा घालून, जाऊन-येऊन पन्नासेक मीटर. गिझरला ही वायर देणं मला तरी धोक्याचंच वाटतं. मेकॅनिकने स्टॅबिलायझर सुचवला होता. तो बसवला असता तर २००० वॅटसाठी याच वायरीतून साडेदहा अँपिअर ओढले गेले असते. त्यापेक्षा चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर टाकली. घरातली गळती दोन व्होल्टांवर आली.

पण मीटरवरच दोनशेच्या आसपास येत होते त्याचं काय? २३० पासून सहा टक्के कमी म्हणजे निदान २१६ तरी यायला हवेत. वेळेसकट आकडे लिहून अर्ज दिला. आमच्या रांगेतली बरीच घरं एकाच फेजवर निघाली. काही कनेक्शनं दुसऱ्या फेजवर सरकवल्यावर मीटरवर २१८ आणि बाथरूममध्ये २१६ येऊ लागले. क्लॅम्प लावण्याआधीच भागाकार करून ठेवला होता: २१६ भागिले २६.४, ८.२ अँपिअर. क्लॅम्प मीटरनेही तेवढेच दाखवले.