वाकडी चूक

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं पत्र आलं. शाळेबद्दल लिहायला बसलो आणि सरांपाशीच अडकलो. कुठले सर, हे तुम्हाला सांगायला नको. गणिताच्या तासाला हातोडी घेऊन येणारे सर एकच.

संभाव्यता शिकवायची म्हणून त्यांनी फळी करायला घेतली. प्लायवूडवर आठ रांगा. पहिलीत एक चूक (म्हणजे बारीक खिळा), दुसरीत दोन, अशा ३६. खाली पुठ्ठ्याचे नऊ कप्पे, वर नरसाळं. ठोकायचं काम माझ्याकडे, कारण वर्गात सर्वात जास्त चुका मीच करतो म्हणे! (पाचव्या रांगेतली एक वाकली, ती वाकलीच.)

ही युक्ती फ्रान्सिस गॉल्टन यांची, एकोणिसाव्या शतकातली. पण सरांनी ती वृत्तांतून समजावली. नरसाळ्यातून सोडलेला छर्रा प्रत्येक रांगेत चुकीवर आपटून डावीकडे गेला तर लघू, उजवीकडे गेला तर गुरू. आठ अक्षरांचा चरण, एकूण २५६ तऱ्हा. सगळे लघू अशी एकच. चार लघू, चार गुरू अशा मात्र ७०. म्हणून मधला कप्पा भरतो आणि कडेचे उपाशी राहतात. पिंगलांच्या छंदःसूत्रांवरच्या टीकेत हलायुधांनी दहाव्या शतकात हाच आकड्यांचा त्रिकोण, म्हणजे मेरुप्रस्तार, उलगडला होता. तास गणिताचा की मराठीचा, आम्हाला कळेना.

सायकलचे ६४ छर्रे जमले होते. ते चारदा सोडून मोजायचे. माझ्या मधल्या कप्प्यात ७० काही येईनात. मी वहीत हळूच आकडे सारखे केले: १, ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८, १. शाबासकी मिळणार याची खात्रीच होती. सरांनी वही पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हे फळीनं लिहिलंय की तू?"

ओरडले नाहीत. मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी बसून सगळं पुन्हा सोडायला लावलं. मधे ६१ आले, डावीकडच्या कप्प्यात ६३. सर खूश! मी म्हटलं, वाकड्या चुकीमुळे झालं असेल. "असेल. किंवा नसेलही. हे ठरवायला किती वेळा सोडावं लागेल?" घंटा झाली, उत्तर राहिलं.

आज मी एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो. मोजमापं फारच नेटकी आली की कागद परत पाठवतो. पोरं मला खडूस म्हणतात, म्हणू देत.

मध्यंतरी शाळेत आलो तेव्हा गणिताच्या वर्गात पडद्यावर रंगीत गोळ्या पडत होत्या. छान दिसतं, पण ती टकटक नाही, आणि वाकायला चूकही नाही. सर असते तर बोलले असते काहीतरी. फळीचं मी विचारलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या सामानात सापडली तर कृपया टाकू नका, मला कळवा. पाचव्या रांगेत डावीकडून दुसरी चूक पाहा, ओळख पटेल.